माळ रिकामा नव्हता

जालना जिल्ह्याचं वनाच्छादन एकूण भूभागाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानं देशापुढे उद्दिष्ट ठेवलं ते एक-तृतीयांश जमीन झाडांखाली आणण्याचं. या दोन आकड्यांमधली दरी दर जूनमध्ये नव्यानं सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र उभं राहतं. इथं एके काळी घनदाट अरण्य होतं, माणसानं कुऱ्हाड चालवली, आणि मागे उरला तो हा बोडका माळ. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं. झाडांना जागा लागते, आणि पेरणीची काळी जमीन त्यासाठी कुणी देत नाही. म्हणून खड्डे पडतात ते गायरानावर, बरडावर, कुसळी गवताच्या उतारांवर.

खड्डे खणणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण ज्या इतिहासावर ती तळमळ उभी आहे, तो इतिहास जालन्याच्या बहुतेक भागापुरता चुकीचा आहे असं माझं मत आहे. ते पटवून द्यायचं तर एका जुन्या प्रश्नाकडे जावं लागेल : झाडं आणि जनावरं जिथं राहतात तिथं ती का राहतात?

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एखादी जात तिथवर पोचली कशी, हा पहिला. पोचल्यावर तिला ठाव कसा मिळाला, हा दुसरा. आपली सगळी चर्चा पहिल्या भागात अडकते. देशी की विदेशी, आपलं की परकं, यावरच वाद रंगतात. प्रत्यक्षात येणं सोपं असतं आणि ते सतत चालू असतं. टिकणं अवघड. आणि जालन्यासारख्या मुलखात गेली काही हजार वर्षं हा ठाव देणारा आणि काढून घेणारा मुख्यतः माणूस आहे.

येणं किती सोपं असतं हे चार्ल्स डार्विननं साध्या प्रयोगांनी दाखवलं. प्रत्येक जीव आपापल्या जागी निर्माण झाला, असं मानण्याचा तो काळ. त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर दूरदूरच्या बेटांवरची सारखी झाडं समजावून घ्यायला बुडालेले भूमिमार्ग कल्पत होता. डार्विननं बिया खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवल्या आणि मग रुजवून पाहिल्या. एका तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल आणून त्यानं तो सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. रोपं भरली ५३७. पाणपक्ष्याच्या पायाला चिकटलेल्या गाऱ्यातून काय काय प्रवास करत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आपल्याकडचं उदाहरण शेजारी पैठणला आहे. १९७६ साली जायकवाडीचं धरण पुरं झालं आणि गोदावरीच्या या टापूत कधी नव्हता एवढा मोठा जलाशय तयार झाला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि उत्तरेकडची बदकं हिवाळ्यात तिथं उतरू लागली. त्यांना बोलावणं कुणी धाडलं नव्हतं. हे पक्षी आधीपासून आपल्या आभाळातून जातच होते. खाली उथळ पाणी आणि चिखलाचे काठ आपण तयार केले आणि ते थांबू लागले. माणसाला नकोशा जीवांचंही असंच असतं. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली आणि बघता बघता महाराष्ट्राच्या मक्यावर पसरली. तिचा पतंग एका रात्रीत लांबचा पल्ला मारतो. भोकरदन-जाफराबादकडे एकाला लागून एक मक्याची शेतं होती, म्हणून त्याला उतरायला जागा मिळाली.

याची सगळ्यात स्वच्छ साक्ष मात्र मंठ्याच्या वेशीपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर बेसाल्टच्या खडकात उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. तळाशी खारं आणि अत्यंत अल्कधर्मी पाणी; त्याचा सामू दहाच्या आसपास. नेहमीचे मासे त्यात जगत नाहीत. विवराच्या कडेला गोड्या पाण्याची धार आहे, सभोवती शेकडो किलोमीटर शेती आणि माळ आहे, आणि मध्येच हे वेगळ्याच जगातलं पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि कारण सांगितलं : मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांची संख्या वाढली. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. बास बेकिंग या डच शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये असं मांडलं होतं की सूक्ष्मजीव सगळीकडे पोचलेले असतात, कोण वाढणार हे परिस्थिती ठरवते. या सिद्धान्तावर पुढे बरेच आक्षेप आले आणि त्यातले काही रास्त आहेत. पण लोणारच्या त्या जूनमध्ये नवं कुणी आलं नव्हतं. आधीपासून मूठभर असलेल्यांना पाण्यानं जागा करून दिली, एवढंच घडलं.

आता जालन्याच्या जमिनीकडे वळू. ‘इथले मूळचे’ असं आपण एखाद्या झाडाबद्दल फार सहज म्हणतो. या जिल्ह्याची जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. प्रवाहामागून प्रवाह आले आणि जुन्या जमिनीवरचं सगळं गाडलं गेलं. भारताच्या भूखंडानं मादागास्करपासून सुटताना काही जीव पाठीवर घेतले. केरळात २००३ मध्ये वर्णन झालेल्या जांभळ्या बेडकाचे जवळचे नातेवाईक आजही सेशेल्स बेटांवर आहेत, ते त्यामुळेच. दख्खनच्या पठारावर मात्र लाव्ह्यानं पाटी पुसली. दोन प्रवाहांच्या मध्ये जो काळ जाई, त्यात तळी होत, शंखगोगलगायी आणि ताडवर्गीय झाडं परत येत, आणि मग पुढचा प्रवाह त्यांना गाडून टाकी. नागपूर-छिंदवाडा भागातल्या थरांत ते जीवाश्म सापडतात. याचा अर्थ असा की लाव्हा कायमचा थंड झाल्यावर जालन्याच्या भूमीवर जो जो आला तो बाहेरूनच आला. कुणी पाच कोटी वर्षांपूर्वी, कुणी पाच हजार, कुणी परवा.

माणसाच्या हातून आलेल्यांची यादी काढली तर आपलं ताट रिकामं होईल. ज्वारी आफ्रिकेतली, पूर्व सुदानच्या भागात ती माणसाळली आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, गावकुसाबाहेरची चिंच मूळची आफ्रिकेची. गहू आणि सातू पश्चिम आशियातून आले. मिरची, भुईमूग, मका हे सगळं पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरचं. जिच्या जाती बदनापूरच्या संशोधन केंद्रानं घडवल्या, ती तूर मात्र मध्य-पूर्व भारतातल्या रानटी झुडपांपासून इथंच माणसाळलेली. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत आहेत, आणि १९७३ च्या उत्खननात हस्तिदंताची जी मूर्ती मिळाली, तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडली होती. हस्तिदंत ज्या वाटेनं इटलीपर्यंत गेलं, त्या वाटेनं बियाणंही येत-जात असणार. ज्या गावाचा व्यापार समुद्रापलीकडे पोचला होता, त्या गावाच्या शेतात शुद्ध स्थानिक असं काय उरलं असेल?

इथं एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्यानं घ्यायला हवा. सगळेच बाहेरचे असतील तर गाजर गवताबद्दल तक्रार कशाला? वेडी बाभूळ का काढायची?

गाजर गवताची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं. त्या गव्हाचा पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यात हे गवत आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. कराराचा गहू बंदरात उतरून, सांडून, रुजायला तेवढा अवधी पुरला नसता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विल्यम रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीत या वनस्पतीचं नाव आहे. म्हणजे भारताशी तिची ओळख कराराच्या १४० वर्षं आधीची. तिनं शेतकऱ्याला छळल्याची ओरड मात्र विसाव्या शतकाच्या मध्याआधी ऐकू येत नाही. मधल्या काळात काय बदललं? रस्ते, रेल्वे, कालवे, मोंढे, इमारतींचे पाये. एका झाडाला हजारोंनी बी धरणारी आणि उकरलेल्या उघड्या मातीवर सगळ्यांआधी उभी राहणारी ही जात आहे. घट्ट विणलेल्या गवताच्या चादरीत तिला सहजी शिरता येत नाही. ती चादर आपण जिथं जिथं फाडली, तिथं तिथं ती उभी राहिली. १९८४ पासून तिच्यावर मेक्सिकोचे भुंगेरे सोडले गेले. पावसाळ्यात ते पानं खातात, पण पुढच्या वर्षीची उघडी माती त्यांच्या हातात नाही. वेड्या बाभळीचंही तसंच. शेळ्या शेंगा खातात, बी लेंड्यांतून पडतं, आणि चरून चरून जिथं गवत संपलं आहे तिथंच ते झाड होतं. लोणारच्या विवरात तर ती काढण्याचं कामच हाती घ्यावं लागलं.

तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं : गाजर गवताबद्दल तक्रार जरूर करावी, पण ते परदेशी आहे म्हणून नव्हे. ते दुसऱ्या कुणाला जगू देत नाही म्हणून करावी, आणि तक्रारीबरोबर त्याला जागा कुणी दिली हेही विचारावं. जन्मस्थळ हा निकष किती फसवा आहे हे पाहायचं तर गुलाबी बोंडअळी पाहावी. तिचं शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झालं ते भारतातल्याच कापसावरच्या अळीवरून. ती कुणी बाहेरून पाठवलेली नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि तो आणणाऱ्या महिकोचं मूळ तर जालन्यातच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ही कंपनी सुरू केली होती. काही वर्षं अळी दिसेनाशी झाली. मग बीटी कापसातल्या आधी एका विषाला, नंतर दोन्ही विषांना ती सरावली, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यानं कैरी फोडली की आत गुलाबी अळी दिसू लागली.

याच अळीला अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथंही बीटी कापूसच होता. फरक वेळापत्रकाचा होता. तिथं वेचणीनंतर पऱ्हाट्या गाडल्या जातात, शेत मोकळं राहतं, वांझ पतंग सोडले गेले. आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण, विहिरीला थोडं पाणी, आणि बोंडं आहेत तोवर वेचू म्हणून ठेवलेली फरदड. डिसेंबरात संपायला हवं ते पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं राहतं. पऱ्हाट्या बांधावर रचून जळणाला ठेवल्या जातात आणि त्यांवरच्या किडक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते. वर्षाचे बाराही महिने तिला घर मिळालं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला शेवटची दोन क्विंटल सोडून दे असं सांगणं अवघड आहे, आणि ते सांगताना नुकसानभरपाईची भाषा केली नाही तर ते अन्यायाचं होईल. पण जीवशास्त्र इतकं सरळ आहे : फरदड आहे तोवर अळी आहे.

ठाव पाण्यानं मिळतो आणि पाण्यानंच जातो, हे मोसंबीनं शिकवलं. जालन्याच्या मोसंबीला आज भौगोलिक मानांकन आहे, आणि या मातीत ती गोड होते हे खरं. पण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसात मोसंबीचं झाड आपल्या जिवावर उभं राहत नाही; त्याला बारमाही विहीर लागते. बहार धरण्यासाठी बागेला ताण द्यायचा असतो तो मोजून. २०१२-१३ च्या दुष्काळानं दिलेला ताण मोजलेला नव्हता. टँकरनं पाणी घालूनही बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी हातानं वाढवलेली झाडं तोडून सरपणाला दिली. त्याच वर्षात पाणलोटाची कामं आणि शेततळी केलेल्या, जालन्यातल्याच कडवंची गावात द्राक्षं तगली. फळझाडांचा मुलूख कुठवर, याची रेघ पाणी अडवण्याच्या निर्णयांनी आखली गेली.

हे सगळं ध्यानात ठेवून माळाकडे पाहिलं की तो निराळा दिसतो. त्याची गवतं उपरी नाहीत. ऊन आणि कोरडेपणा सोसून वाढणारी ही उष्णकटिबंधी गवतं ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात पसरली. शिवालिकच्या मातीतल्या कार्बनात त्याचा पुरावा आहे. म्हणजे पहिल्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधी. उघड्या माळासाठी इथं पुरेशी नैसर्गिक कारणंही आहेत. सहा-आठ महिने कोरडे, मुरमाच्या बरडावर वीतभर माती, आणि खोल काळ्या रानात उन्हाळ्याच्या भेगा, ज्या कोवळ्या झाडाची मुळं ताणून तोडतात. हे सोसतात ती हिवर, बाभूळ, बोर अशी तुरळक काटेरी झाडं. मधल्या जागेत पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळीचं बी तर पाहण्यासारखं. त्याचं कुसळ दमट हवेत पीळ सोडतं, कोरड्या हवेत परत पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत घुसवतं. मेंढीच्या लोकरीत अडकून ते धनगराच्या वाड्याबरोबर दहा गावं पुढे जातं.

साहित्यातही साक्ष आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या मराठी वाङ्मयातले, ओव्या-कथांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले आणि त्यांतल्या बहुतेक वनस्पती उघड्या माळाच्याच निघाल्या. मराठवाड्यासाठी असं काम व्हायला हवं आणि त्याला सामग्रीची वाण नाही. महानुभाव पंथाचं बरंचसं गद्य गोदावरीच्या खोऱ्यात पायी फिरलेल्या माणसांचं आहे. भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाची परंपरा चक्रधरस्वामी, झुडपांची जाळी आणि वाघाची पिलं यांची गोष्ट सांगते. तिथं अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पायथा आहे, आणि त्या बाजूला झाडी होती हे मान्य करायलाच हवं. सागवान, धावडा, सालई तिथं खऱ्या अर्थानं नांदतात. नदीकाठ, ओढे, शेतांचे बांध हीही झाडांचीच ठिकाणं, आणि बांधावरचे आंबे-कडुलिंब आपण गेल्या दोन पिढ्यांत बेफिकिरीनं तोडले. झाडं लावायची तर तिथं भरपूर जागा आहे.

माळावर ती लावली की तीन गोष्टी होतात. सावली पडते आणि उन्हावर जगणारं गवत विरळ होतं. खड्ड्यांनी गवताची वीण तुटते आणि पहिल्या पावसात त्या उकरलेल्या मातीवर गाजर गवत येतं. तिसरी गोष्ट जनावरांची. काळविटाला दूरवर दिसणारं रान हवं, लांडगा माळावरच पिलं वाढवतो, आणि ज्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य केलं तो माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो. माळ नांगरला गेला, उरलेल्यावर गिरिपुष्पाच्या रांगा आल्या, मग हरणं आणि रोही तुरीत-हरभऱ्यात शिरू लागले आणि आपण त्यांना उपद्रवी म्हणू लागलो. रात्रभर राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. पण त्या जनावरांनी मुलूख बदललेला नाही. ती होती तिथंच आहेत, पायाखालचं पीक तेवढं बदललं.

सरकारी दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि वनाच्छादन मोजताना उपग्रह झाडाचा पर्णसंभार मोजतो. गवताला त्या हिशेबात खातंच नाही. एक टक्क्याचा तो आकडा जालन्यात झाडी किती आहे एवढंच सांगतो. निसर्ग किती उरला हे त्यावरून कळत नाही. त्या आकड्याची लाज बाळगून गायरानं झाडांखाली घालणं म्हणजे लाखो वर्षांच्या रहिवाशाला बेघर करून त्याच्या जागी असा पाहुणा बसवणं, ज्याला आपण उन्हाळाभर टँकर पुरवणार नाही.

माळ वाचवायला नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. त्या वहीत गायरानाला स्वतंत्र पानं द्यावीत. नोंद जूनमध्ये करू नये, कारण तेव्हा गवत ओळखू येत नाही. ती भाद्रपद-आश्विनात, फुलोरा आल्यावर करावी आणि गुराखी व मेंढपाळ यांना सोबत घेऊन करावी, कारण कोणतं गवत जनावर आधी खातं आणि कोणतं सोडतं हे त्यांना माहीत असतं. पवन्या, मारवेल अशी बारमाही गवतं जिथं सापडतील, त्या गट नंबरावर वृक्षलागवडीचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेनं तो बांधांकडे आणि ओढ्याकाठाकडे वळवावा, आणि माळ चराईच्या पाळ्या ठरवून गवतालाच ठेवावा.